बहिरूनाना आणि तीन तोंडांचा वाघ

बहिरूनाना वैतागलेला नाही असा दिवस मी कोळवण खोऱ्यात काढलेल्या सगळ्या वर्षांत फार क्वचित पाहिला. एस.टी. उशिरा आली की तो ड्रायव्हरवर वैतागायचा, आणि वेळेवर आली की "आज कुटं आग लागलीया एवढी?" म्हणून वैतागायचा. भात कमी पिकला तर नशिबावर, जास्त पिकला तर उंदरांवर. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळेची आणि सरकारी कचेरीची भिंत एकच, त्यामुळे नानाचा वैताग मला दिवसभर भिंतीपलीकडून ऐकू यायचा. पोरांना पाढे म्हणायला लावावं आणि मध्येच पलीकडून "काय पाप क्येलं व्हतं म्या!" असा आवाज यावा. पोरं खदखदा हसायची आणि मग मी वैतागायचो.

नाना कचेरीत शिपाई होता, पण हंगामी. हा शब्द त्याच्या कपाळाला चिकटला होता. त्याचा थोरला भाऊ हैबतराव, घरची सगळी जमीन कसणारा, गावात चार माणसांत ज्याचा शब्द चालायचा असा. लग्नाच्या पंगतीत हैबतराव पाहुण्यांना ओळख करून द्यायचा, "ह्यो आमचा धाकटा. सरकारात हाय. हंगामी." त्यातला 'सरकारात' तो हळू म्हणायचा आणि 'हंगामी' मोठ्यानं. नाना तेवढ्यावरून जेवण टाकून उठायचा आणि दोन दिवस भावाशी बोलायचा नाही.

हंगामी शिपायाला पगार होता, काम तर दुप्पट होतं, डोंगरावरच्या वाड्यांना सरकारी कागद पोचवायचे तेही त्यानंच, फक्त बिल्ला नव्हता. कायम झालेल्या शिपायाला खांद्यावरून तिरपा लाल पट्टा मिळे आणि त्यावर छातीशी पितळी बिल्ला. बिल्ल्यावर आपली राजमुद्रा, तीन सिंहांची. नानाला पगारवाढ नको होती, काही नको होतं, तो बिल्ला हवा होता. पौडाला तालुक्याच्या कचेरीत कामाला गेला की तो तिथल्या शिपायांशी बोलताना त्यांच्या छातीकडंच बघत राही. बायको रंभाबाई एकदा बरोबर होती. ती म्हणाली, "आवं, मानसाच्या तोंडाकडं बघून बोलावं. छातीकडं काय बघताय?" तो तिच्यावरही वैतागला.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेरीची नवी इमारत उभी राहिली आणि आमच्या तलाठ्यांच्या मनात आलं की दर्शनी भागी राजमुद्रा पाहिजे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. रंगवलेली मुद्रा आमच्याकडच्या एका पावसाळ्यात धुऊन जाते, म्हणून उठावाची, सिमेंटची. भुकूमच्या गेणबा गवंड्याला बोलावलं. नमुना म्हणून भाऊसाहेबांनी खिशातलं रुपयाचं नाणं दिलं. गेणबानं जन्मात सिंह पाहिला नव्हता. वाघ मात्र त्याला पाठ होता, कारण आमच्या प्रत्येक डोंगरावर एखाद्या झाडाखाली दगडात कोरलेला वाघोबा असतोच आणि असे दोन-चार वाघोबा त्याच्या बापानंच घडवलेले होते. त्यामुळे सिंह झाले गोल तोंडाचे, मिशीवाले, जिभा जरा बाहेर काढलेले. आयाळ होती, पण ती कुणी मफलर गुंडाळावा तशी. दारावर पुरेशी जागा नव्हती म्हणून गेणबानं ती मुद्रा पायरीशेजारच्या खांबावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर बसवली.

गावातले म्हातारे कुशाबा काठी टेकत बघायला आले. त्यांनी सिंह मोजले.

"मास्तर, चार हायेत म्हनत व्हता न्हवं?"

"चारच आहेत. चौथा पाठीमागं असतो, दिसत नाही."

"म्हंजी भितीत चिनला का काय त्येला?" असं म्हणून कुशाबा खांबामागं जाऊन बघून आले.

नाना मात्र खूश होता. खूश म्हणजे, त्या खांबाला कुणी टेकलं तर तेवढ्यापुरता वैतागायचा. रोज सकाळी ओल्या फडक्यानं तो तिन्ही तोंडं पुसायचा. त्याला मनातून वाटत होतं, ही मुद्रा दाराशी आली म्हणजे छातीवर यायला आता फार वेळ नाही.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तिन्ही तोंडांवर शेंदूर निघाला. चांगला तेलात कालवलेला, बोटानं लावलेला, भरघोस. पायथ्याशी फुटका नारळ.

नानानं मला वर्गातून ओढत नेलं. "ह्ये बघा तुमच्या कार्ट्यांचं काम!"

मी म्हटलं, "माझ्या कार्ट्यांना शेंदूर आणायला पैसे कुठले? आणि नारळ फोडून त्यांनी खोबरं ठेवलं असतं का?" हे त्याला पटलं, पण पटलं म्हणून वैताग कमी झाला नाही. रॉकेल आणि काथ्या घेऊन तो अंधार पडेपर्यंत घासत बसला. सिमेंटमध्ये शेंदूर मुरतो. सिंह गुलाबी झाले, आणि गुलाबी सिंह हा शेंदऱ्या सिंहापेक्षाही वाईट दिसतो.

पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बाजाराला नारळाबरोबर कोंबडीची पिसं. नाना रडकुंडीला आला. भाऊसाहेबांनी त्याला फैलावर घेतलं. राजमुद्रेची विटंबना म्हणजे गंमत नाही, दिवाळीच्या आधी प्रांतसाहेब इमारत बघायला येणार आहेत, नानाला कायम करण्याचं तेच ठरवणार आहेत, आणि त्यांनी जर हे पाहिलं तर कायम राहू दे, हंगामीही राहणार नाहीस, असं भाऊसाहेबांनी स्पष्ट सांगितलं.

त्या आठवड्यात नाना बाजारात गेलाच नाही. कचेरीच्या दाराआड दबा धरून बसला. दुपारी डोंगरावरच्या उंबरवाडीची पारू आली. पारू म्हणजे वाडीतली वयस्क बाई. हिरडे, मध, मोळ्या विकायला वाडी खाली उतरायची तेव्हा सगळ्यांच्या पुढे तीच असायची. तिनं डोक्यावरची मोळी उतरवली, कमरेची पानाची पुडी सोडली आणि शांतपणे पहिल्या सिंहाच्या कपाळाला बोट लावलं.

"घावली!" नाना ओरडत बाहेर आला. "पारे, तुला काय येड लागलंय का? हात काढ! सरकारी मुद्रा हाय ती!"

"वाघोबा हाय," पारू म्हणाली. "दोन तोंडं ऱ्हायलीत, तेवढी करू दे."

"वाघोबा न्हाई! सिंव्ह हाय त्यो!"

"आसंल. डोंगरापल्याड त्येला सिंव्ह म्हनत आसतील."

नानानं तिला धरून माझ्याकडे आणलं. माझ्या वर्गात निरनिराळ्या देशांच्या निशाण्यांचा एक तक्ता टांगलेला होता. नाना म्हणाला, "मास्तर, हिला समजावून सांगा. म्या आता हात टेकले."

मी समजावलं. खरंच चांगलं समजावलं, अजूनही मला तसं वाटतं. म्हटलं, पारूबाई, प्रत्येक देशाची एक खूण असते. ही मेक्सिकोची, गरुड साप खातोय. ही लेबनानची, देवदार नावाचं झाड. ही ऑस्ट्रेलियाची, पिलाला पोटाच्या पिशवीत घेऊन फिरणारं जनावर. रशियाची ही, विळा आणि हातोडा. तशी आपली सिंहांची. ती नुसती खूण आहे. तिला कुणी शेंदूर लावत नाही.

पारूनं सगळी चित्रं मन लावून बघितली. "साप खातंय त्या राज्यात उंदरं लई झाली आसतील," ती म्हणाली. मग झाडावर बोट ठेवून, "हितं लाकूड तोडू देत न्हाईत का?" विळ्यापाशी मात्र ती बराच वेळ थांबली. "ह्यांच्या सरकारनं कुनाचा घेतलाय ह्यो?"

"कुणाचा घेतला नाही हो. ती खूण आहे."

"व्हय, खून हाय," असं म्हणून ती उठली. मला वाटलं, समजलं. नानालाही वाटलं. पुढच्या बाजाराला तिन्ही तोंडं पुन्हा लालभडक.

"तुमची साळा जाळून टाका, मास्तर," नाना मला म्हणाला. "त्या गरुडाला कुनी शेंदूर फासतं का? त्या पिशवीवाल्याला कुनी नारळ फोडतं का? साऱ्या दुनयेत आमचाच वाघ कसा गावला ह्यांना!" त्या वर्षी बिबट्यानं खोऱ्यातली वासरं नेली होती, आणि वाडीवाले त्याच भीतीनं हे करत असणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. नाना तर वाडीवर जाऊन पाया पडून आला की बिबट्याला काय द्यायचं ते रानात द्या, माझ्या दारात नको. वाडीनं मान डोलावली. वाडी सगळ्याला मान डोलवायची.

प्रांतसाहेब यायचे होते त्या दिवशी नानानं पहाटेपासून खांब सोडला नाही. सिंहांना चुना दिला होता, गुलाबीपणा झाकला होता. सगळं ठीक होतं. एक गोष्ट मात्र भाऊसाहेबांनी पंचांगात बघितली नव्हती आणि आमच्याही ध्यानात आली नव्हती. तो वाघबारशीचा दिवस होता. त्या दिवशी वाडीवरची माणसं वाघोबाला कोंबडी देतात, वर्षातून एकदा, चुकवत नाहीत.

जीप आली. हार झाले. भाऊसाहेब 'मान्यवर' म्हणतायत एवढ्यात उतारावरून वाडी आली. पुढं पारू, तिच्यामागं पोरगा सावळ्या काखेत कोंबडी धरून, मागं बाया, पोरं. नाना खांबापुढं हात पसरून उभा राहिला.

"आज न्हाई! पारे, पाया पडतो तुज्या, आज न्हाई!"

"आज न्हाई तर कवा? आज बारस हाय."

"आगं माझी नोकरी जाईल! माझ्या पोटावर पाय द्यायला आलीस व्हय?"

प्रांतसाहेब पुढं आले. शहरी, चष्मा लावलेले, आवाजाला मऊ. त्यांनी विचारलं, "बाई, काय करताय हे?" भाऊसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. नानानं डोळे मिटून घेतले.

पारू न अडखळता बोलली. "सायेब, आमच्या रानातला वाघोबा हाय, त्यो एक कोंबडी घेतो आन् वरीसभर गोठ्याकडं बघत न्हाई. त्येचं आमचं ठरल्यालं हाय. ह्यो वाघ निराळा. ह्यो कागदावर बसून येतो. पयल्यांदा आला तवा माझा कोयता ग्येला. मागनं आला तवा वरची नाचनीची पट्टी ग्येली, ती आमची न्हवती म्हनं. मंग पुन्यांदा आला तवा ह्या सावळ्याला न्हेला, कोंडला. आमी वाडीत बसून इचार क्येला. एवढा मोटा वाघ, तीन तोंडांचा, आन् ह्येला कुनी कधी कोंबडी दिली न्हाई. भुकेला आसंल म्हनून येतो. एकदा पोटभर दिऊन बघू म्हनलं."

मी तक्ता दाखवत होतो तेव्हा ही बाई काय बघत होती ते मला त्या क्षणी कळलं.

मग प्रांतसाहेब हसले. मनापासून हसले. "वा! वा भाऊसाहेब! शहरात राजमुद्रेकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि इथे ही भोळी माणसं तिला देव मानतात. ही खरी राष्ट्रभक्ती!" त्यांनी बरोबरच्या माणसाला फोटो काढायला लावला. पारू, सावळ्या, कोंबडी आणि तीन सिंह. कोयत्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. नाचणीच्या पट्टीबद्दल विचारलं नाही. पारू फोटो झाल्यावरही उत्तराची वाट बघत उभी होती, आणि साहेब पेढा खात होते. मला त्या माणसाचा असा संताप आला की हातातली फुलांची परडी त्यांच्या अंगावर फेकावी. मी ती टेबलावर ठेवली.

"मुद्रा इतकी स्वच्छ कोण ठेवतं?" साहेबांनी विचारलं. नानाला पुढं ढकललं. "हंगामी? अजून? छे छे. अशा माणसाला कायम नाही करायचं तर कुणाला?"

आणि अशा तऱ्हेनं ज्या शेंदरानं नानाची झोप उडवली होती, त्याच शेंदरानं त्याला कायम केलं.

दिवाळी झाल्यावर बिल्ला आला. रंभाबाईनं त्याला ओवाळलं. हैबतरावानं भावाला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि 'सरकारात' मोठ्यानं म्हणाला. चार-पाच दिवस नाना कशावरच वैतागला नाही, आणि खरं सांगतो, शाळेत मला करमेना. मग पोरं बिल्ल्याला बोटं लावतात म्हणून त्यानं पहिली शिवी दिली आणि सगळं पूर्ववत झालं.

बिल्ला घालून त्याला पहिला लांबचा कागद पोचवायचा होता तो उंबरवाडीला. वाडीची पोरं शाळेत येत नव्हती, त्यांच्या आयांशी बोलायला म्हणून मी बरोबर निघालो. चढणीवर नाना भलत्याच खुशीत होता. वहाणांना, दगडांना, निवडुंगाला शिव्या देत होता, पण गात असल्यासारखा. "त्या पारीला दावतो, मास्तर. कायम शिपाई कसा असतो त्ये दावतो. लई तरास दिला बाईनं, पर तिच्यामुळंच झालं. तिला आज पाटलीनबाई म्हनतो बघा."

वाडीच्या तोंडाशी खेळणाऱ्या पोरांनी आम्हाला पाहिलं आणि ती घरात पळाली. नेहमी ती नानाच्या मागं लागायची, त्याची नक्कल करायची. नाना म्हणाला, "काय झालं रं? मी हाय की."

पारू बाहेर आली. नानाच्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या छातीवर गेली आणि तिथंच राहिली. नाना खुलला. छाती आणखी पुढं काढली. "बघ, पारे! कसा हाय?"

ती वळून आत गेली. आली तेव्हा हातात पानाची पुडी होती. मागनं सावळ्या, त्याच्या हातात पाय बांधलेली कोंबडी. नाना अजून हसत होता. पारूनं त्याच्यापुढं उभं राहून बिल्ल्यावरच्या तिन्ही तोंडांना, एकेकाला, बोटानं शेंदूर लावला.

"आगं ए, काय करतीयास? नवा हाय त्यो!"

तिनं कोंबडी त्याच्या पायाशी ठेवली आणि वाकून हात जोडले. मागं दारादारांत बाया उभ्या होत्या. कमळ नावाची एक पोर आईच्या लुगड्यात तोंड लपवून होती.

"पारे," नानाचा आवाज उतरला. "उठ. मी हाय, बहिरू. तुज्या हातचं पानी पितो न्हवं मी दर खेपंला? ह्यो नुसता बिल्ला हाय गं. पितळंचा."

"तू उगी ऱ्हा, दादा," पारू म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुज्याशी न्हाई बोलत मी. तू चांगला हायस. आमी पयल्यापासनं म्हनतो, बहिरूदादा चांगला हाय, त्यो नुसता ह्येला घिऊन येतो."

नानाचा हात पाठीमागं गेला. पट्ट्याचं बक्कल तो चाचपू लागला. पट्टा नवा, कातडं कडक, बक्कल घट्ट बसलेलं. ते सुटेना. त्यानं बक्कलाला शिवी घातली, पट्ट्याला घातली, पट्टा शिवणाऱ्याच्या सात पिढ्यांना घातली. मी मदतीला गेलो तर मला झिडकारलं. घामानं त्याची बोटं घसरत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं त्याचाही त्याला वैताग आला होता, ते तो खांद्यानं पुसायला बघत होता.

पारू वाकलेलीच होती. नानाच्या खिशातून डोकावणारा कागद तिनं पाहिला होता, त्याच्यावर छापलेले तीन वाघही पाहिले होते. तिनं छातीवरच्या पितळेला हळू आवाजात विचारलं, "ह्या बारीला काय न्यायचं हाय?"